मागच्या चाकाची कहाणी

पुणे,
रविवार, रात्री ११

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, त्याला कारण माझ्या सायकलचं मागचं चाक. हसू नकोस. दोन महिन्यांत चौथ्यांदा आऊट झालं, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे डुलायला लागलं. वेताळ टेकडीवरून खाली येईपर्यंत रिंग ब्रेकच्या रबराला घासायला लागलेलीच असायची. दर फेऱ्याला एकदा, घस्स!

दुकानात पाच मिनिटांत आऊट काढून मिळायचं आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. शेवटी वैतागून स्पोक-की, म्हणजे चाकाच्या तारा आवळायची चावी आणली, गॅलरीत सायकल उलटी केली आणि तारा छेडून पाहिल्या. उजवीकडच्या टणटण वाजत होत्या, डावीकडच्या काही नुसत्या थप्प. गिअरच्या चकत्यांना जागा करायची म्हणून मागच्या चाकाच्या उजव्या तारा जवळजवळ उभ्या असतात आणि डाव्या जास्त तिरक्या, त्यामुळे डाव्यांवर ताण मुळातच कमी. चाक दगडावर आपटलं की त्यातल्या सैल तारा क्षणभर पार ढिल्या पडतात आणि त्यांचं निपल, म्हणजे रिंगकडच्या टोकाला तार आवळून धरणारा छोटा नट, हळूहळू फिरत सुटतं. दुकानात वाकडं दिसेल तिथली एक तार आवळायचे, समोरची सोडायचे. चाक सरळ, ताणाचा मात्र पत्ता नाही.

पहिला अर्धा तास मी निपल उलटंच फिरवत होतो, हे कुणाला सांगू नकोस. टायरच्या बाजूने पाहून घड्याळाच्या दिशेने फिरवायचं, तेही पाव फेराच. आधी प्रत्येक निपलला तेलाचा थेंब. तरी तार सोबत पिळतेच, म्हणून जरा जास्त फिरवून तेवढंच मागे घ्यायचं. नाहीतर रस्त्यावर तो पीळ सुटतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं पीळ जातो आणि आऊट राहतं! मग शेजारच्या तारांच्या जोड्या मुठीत धरून करकचून दाबल्या. कट्‌कट्‌ आवाज आले, चाक पुन्हा थोडं हललं, पुन्हा लावलं. बत्तीस तारांना तीन तास.

त्यानंतर तीन रविवार झाले, घासणं बंद आहे. एके ठिकाणी मिलिमीटरभर आऊट मुद्दाम ठेवलंय. तिथं रिंगच दबलीये, आणि तारा ओढून ती सरळ करायला गेलो तर सगळा ताण पुन्हा बिघडेल.

दिवाळीत येशील तेव्हा तुझी सायकल गाडीवर टाकून आण. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
मी