कॉफी मशीन घेताना आधी ब्रू ग्रुप बाहेर काढून बघा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत घरगुती बीन टू कप कॉफी मशीनवर (बीन्स दळून थेट कपात कॉफी देणारी मशीन) आलेला लेख वाचला. विषय घेतलात हे फार बरं केलंत कारण हल्ली बरेच जण ही मशीन घ्यायच्या विचारात असतात आणि धड माहिती कुठे मिळत नाही. पण लेखात सगळा भर किती प्रकारची ड्रिंक्स होतात, टचस्क्रीन किती मोठा, मोबाईलवरून चालते का आणि पंप किती बारचा (बार म्हणजे प्रेशरचं माप) यावरच होता, आणि वर्षभरानंतरही ती मशीन चांगली कॉफी देणार की नाही हे ज्यावर ठरतं त्या साफसफाईला जेमतेम एक ओळ मिळाली, म्हणून हे पत्र लिहितेय.

आधी ते बारचं प्रकरण. खोक्यावर १५ बार, १९ बार असं मोठ्ठं छापलेलं असतं आणि लोकांना वाटतं जितका आकडा मोठा तितकी कॉफी स्ट्राँग. एस्प्रेसो साधारण ९ बारच्या आसपास निघते, खोक्यावरचा आकडा म्हणजे तो पंप जास्तीत जास्त किती प्रेशर देऊ शकतो एवढंच. १९ वाली मशीन १५ वालीपेक्षा चांगली कॉफी देते असं अजिबात नाही. चव ठरते ती बीन्स किती ताजे, दळण किती बारीक, एका कपाला किती ग्रॅम कॉफी पडते आणि पाणी किती गरम (साधारण ९० ते ९६ डिग्री) यावर, आणि यातलं किती आपल्याला मशीनमध्ये बदलता येतं हे विचारा. दळण बारीक-जाड करायच्या पाचच पायऱ्या असल्या तरी चालतं पण त्या असायलाच हव्यात. आणि बहुतेक मशीनमध्ये हे बटण ग्राइंडर फिरत असतानाच, एकेक पायरी फिरवायचं असतं, आणि फरक लगेच नाही, दोन-तीन कपांनंतर कळतो, हे विकणारे सांगतच नाहीत.

आता मुख्य मुद्दा, ब्रू ग्रुप. दळलेली कॉफी ज्यात पडते, दाबली जाते आणि ज्यातून गरम पाणी जातं तो भाग म्हणजे ब्रू ग्रुप, मशीनचं काळीजच म्हणा. फिलिप्स, सेको, डेलोंगी यांच्या घरगुती मशीनमध्ये तो सहसा बाजूचं किंवा पुढचं झाकण उघडून हाताने बाहेर काढता येतो आणि नळाखाली धुता येतो. युराच्या (Jura) मशीनमध्ये तो आत फिक्स असतो, मशीन सांगेल तेव्हा गोळी टाकून क्लीनिंग प्रोग्राम चालवायचा. दोन्ही पद्धती चालतात, ज्यांना हात ओले करायचा कंटाळा आहे त्यांना फिक्स बरा वाटेल, पण माझं स्पष्ट मत आहे की घरी वापरायला निघणारा ब्रू ग्रुपच घ्यावा. एकदा आठवडाभर न धुतलेला बाहेर काढून बघा, वरच्या जाळीवर कॉफीच्या तेलाचा तपकिरी चिकट थर असतो, खाचांमध्ये ओला चोथा बसलेला असतो आणि ज्या पोकळीतून तो काढला तिथे खाली भुकटीचा छोटा ढीग साठलेला असतो. हे डोळ्यांना दिसतं म्हणून साफ होतं. धुताना फक्त कोमट पाणी, भांड्याचा साबण नको, नीट वाळवून परत लावायचा, आणि मधूनमधून सरकणाऱ्या भागांना फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस लावायचं, नाहीतर तो कुरकुरायला लागतो आणि मग अडकतो.

दुधाचं तर याहून वाईट. माझ्या मावसबहिणीकडच्या मशीनमध्ये (कंपनीचं नाव घेत नाही) दूध एका बारीक नळीतून आत खेचलं जातं, कॅपुचिनो छान होतो, फेस एकदम मऊ. पण त्या नळीच्या आत पिवळट पापुद्रा धरला होता आणि जोडाचा रबर काढला तर आंबूस वास आला, आणि ती बिचारी रोज न चुकता रिन्सचं बटण दाबत होती! नुसत्या गरम पाण्याच्या रिन्सने दुधाचा चिकटा जात नाही, सगळे भाग सुटे करून धुवावेच लागतात. म्हणून विकत घेताना दुधाचा भाग तिथेच सुटा करून बघा, किती तुकडे होतात, नळ्या आहेत का, नळ्या नसतील तर सोन्याहून पिवळं. नाहीतर साधी वाफेची दांडी घ्या, फेस आपल्या हाताने करा, दांडी लगेच ओल्या फडक्याने पुसा आणि वाफ एकदा सोडून द्या, झालं.

डिस्केलिंगबद्दल, म्हणजे पाण्यातले आत साठलेले क्षार काढण्याबद्दल, थोडक्यात. पाणी किती जड आहे ते सोबतच्या पट्टीने तपासून मशीनमध्ये सेट करा, कारण मशीन क्षार मोजत नाही, सेट केलेला जडपणा आणि आतून गेलेलं पाणी यावरून हिशोब करून लाईट लावते, सेटिंग चुकलं की लाईटही चुकीच्या वेळी लागणार. व्हिनेगर वापरू नका, वास राहतो आणि रबराचे सील खराब होऊ शकतात.

बीन्स काळेकुट्ट, तेलाने चकचकीत असतील तर ते या मशीनला चालत नाहीत, डब्यातून खाली सरकत नाहीत आणि दळल्यावर वाटेत चिकटून बसतात. साखर किंवा फ्लेवर लावलेले तर नकोच नको. मध्यम भाजलेले, कोरडे दिसणारे, पाकिटावर भाजल्याची तारीख असलेले घ्या आणि वरचा डबा गच्च भरून ठेवू नका, दोन-तीन दिवसांपुरतेच टाका.

आणि एक, ज्यांच्या घरी कॉफी कधीतरीच होते त्यांनी ही मशीन घेऊच नये असं मला मनापासून वाटतं. चोथ्याचा डबा आत, ओला आणि बंद, चार दिवस विसरलात तर बुरशी येते. अशांना हाताचा ग्राइंडर आणि मोका पॉट (गॅसवर ठेवायचं कॉफीचं छोटं भांडं) पुरे, कॉफी उत्तम होते आणि धुवायला दोन मिनिटं.

तर विनंती अशी की पुढच्या वेळी मशीनची तुलना छापाल तेव्हा तक्त्यात ड्रिंक्सच्या संख्येऐवजी हे रकाने द्या: ब्रू ग्रुप निघतो का, दुधाचे किती भाग धुवावे लागतात, पाण्याची टाकी पुढून निघते की मशीन ओढून मागून काढावी लागते, वर्षाला फिल्टर, गोळ्या आणि डिस्केलर किती लागतात, आणि वॉरंटी संपल्यावर सील आणि ब्रू ग्रुप सुटे मिळतात का. शेवटचं तर कंपन्यांना लेखीच विचारा आणि जे उत्तर येईल ते जसंच्या तसं छापा.

आपली,
एक नियमित वाचक