ताई, तुम्ही जात्याचा खुंटा धरलात

ताई,

तुम्ही गेलात त्याला आज आठ दिवस झाले, आणि आमच्या आत्याबाई अजून गुणगुणतायत. चुलीपाशी, नळावर, झोपेतसुद्धा. सासूचा आवाज मी लग्नानंतर एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा ऐकला, म्हणून हे पत्र.

तुमच्या आधीही लोक जात्यावरच्या ओव्या टिपायला आले होते. अंगणात प्लास्टिकची खुर्ची टाकली, आत्याबाईंच्या पदराला माइक लावला आणि म्हणाले, "आजी, दोनच ओळी, जरा हसून." त्यांना एक शब्द आठवला नाही. निघताना एक जण त्यांच्या देखत बोलला, "यांना काही येत नाही." तेव्हापासून कुणी ओवी म्हणा म्हटलं की आत्याबाईंचं एकच, "मला काय येत न्हाई, माय." त्या माणसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही विचारलंत, "जातं कुठंय?" न्हाणीमागं पालथं पडलेलं. आपण दोघींनी ते ओढत आणलं. तुम्ही ओढणीनं पुसलंत, मूठभर ज्वारी टाकलीत आणि त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसून खुंटा धरलात. वर त्यांचा हात, खाली तुमचा. चार-पाच फेरे नुसती घरघर. मग आवाज फुटला:

औंढ्याचा नागनाथ, परळीचा वैजनाथ
मधी माझं गं गाव, गोदा वाहते अंगणात

ताई, आत्याबाई शाळेची पायरी चढल्या नाहीत, नकाशा कधी बघितला नाही. पण खरंच औंढा आमच्या वर आहे, परळी खाली, आणि मधे गोदाकाठचं आमचं गाव. दोन ज्योतिर्लिंगांच्या मधोमध आपलं घर त्यांनी मांडून ठेवलं होतं, आणि ते आम्हाला माहीतच नव्हतं! दुष्काळी, मागास, हेच ऐकत मोठे झालेलो आम्ही. त्यांच्या ओव्यांत मात्र करडईनं पिवळं झालेलं शिवार होतं, गंगाखेडची जनी होती, तिच्या जात्याला हात लावणारा इठ्ठल होता.

गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी अशा लाखावर ओव्या जमवल्या, त्यांत आपल्या परभणी-बीडच्या बायकाही आहेत, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आत्याबाई थांबल्या. "मंग माझं बी नाव लिव्हशील का गं?" तुम्ही माहेरच्या आडनावासकट लिहिलंत.

पण मला सारखा आठवतो तो तुमचा हात. तळव्याला फोड आला तरी तुम्ही खुंटा सोडला नाही. म्हाताऱ्या बाईसमोर अशी जमिनीवर बसणारी माणसं अजून आहेत, याचं मला रडू येतं.

जातं आता ओसरीतच ठेवलंय. तुळजापूरच्या आईच्या ओव्या राहिल्या म्हणून आत्याबाई हळहळतात. ज्वारी निवडून ठेवलीय. कधी येता?

तुमची,
गोदाकाठची एक सून