हजारात चार, हजारात दोन

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन मध्येच ठेवलास, म्हणून लिहितेय. झोपेबद्दल बोलायचं नाही असं ठरवलंय.

तुमच्या अभ्यासातल्या औषधामुळे धोका निम्म्यावर आला, हे खोटं नाही, मान्य. आधी हजारात 4 जणांना त्रास व्हायचा, आता 2 जणांना होतो. सर म्हणतात, पेपरच्या ॲब्स्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या सारांशात, फक्त 'निम्मा' लिही. आणि तू म्हणालीस, "दोन्हीचा अर्थ एकच तर आहे, जाऊ दे." ते 'जाऊ दे' तुझं नव्हतं गं, जागरणाचं होतं.

1995 साली ब्रिटनमध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल इशारा निघाला, की रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे साधारण 7000 बायकांत एकीच्या जागी दोघी. पण लोकांपर्यंत पोचलं ते नुसतं 'दुप्पट'. घाबरून कितीतरी जणींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी गर्भपात हजारोंनी वाढले. दुप्पट हा शब्द बरोबरच होता, मनू.

'लक्षणीय'चंही तसंच. तुमच्या संशोधनात त्याचा अर्थ एवढाच, की औषधाचा काहीच परिणाम नसता तर इतका फरक निव्वळ योगायोगाने क्वचितच दिसला असता. फरक मोठा आहे असं तो शब्द म्हणतच नाही. बाबांच्या आजारपणात एका कागदावर 'लक्षणीय सुधारणा' वाचून दादा रात्रीच्या गाडीने निघून आला होता. आईंनी देवापाशी दिवा लावला. बाबा स्वतः मात्र तो कागद उलटसुलट करून विचारत होते, "म्हणजे किती?" त्यांना कुणी सांगितलं नाही.

पुरे. तुझ्या विषयात मी तुला शिकवायला लागले, रागावू नकोस. शाळेच्या हवामानवहीत 'पाऊस दहाला सुरू झाला' हे खोडून 'दहाला मला दिसला' लिहिणारी मुलगी तू. बाईंनी लाल शेरा मारला तरी बदललं नाहीस. ती वही मी अजून ठेवलीये.

'निम्मा' लिही, पण शेजारी 'हजारात 4 वरून 2' हेही लिही. सरांशी सकाळी बोल. रात्री दोनला मेल करू नकोस, त्या वेळी माणूस कशालाही हो म्हणतं. झोपत जा गं. बघ, बोललेच शेवटी.

पेपर पाठवण्याआधी ॲब्स्ट्रॅक्ट मला वाचायला दे. विषय मला कळणार नाही, पण पेशंटच्या घरच्यांना त्यातून काय कळेल, ते मी सांगू शकेन.

तुझी,
आई