कर्णबधिर मुलीच्या शाळाप्रवेशाबद्दल मित्रास पत्र

दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

पहिलीत नाव घालण्यासाठी आणलेल्या कर्णबधिर मुलीला आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवून घ्यावे, की निवासी विशेष शाळेत पाठवण्यास तिच्या आईवडिलांना सांगावे, असे तू विचारले आहेस. हा निर्णय मुख्याध्यापकाच्या हातचा नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ३१ नुसार, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे आणि या दोहोंतली निवड त्याची आहे. तेव्हा नाव दाखल करून घे.

परंतु हजेरीपटावर नाव आले म्हणजे ती मुलगी शिकू लागली, असे मी मुळीच मानत नाही. आपल्या भागात कर्णबधिर मूल शांत बसते, फळ्यावरचे सुवाच्य अक्षरात उतरवून घेते, आणि आपण त्याला गुणी म्हणून पुढच्या वर्गात ढकलतो. मला हा त्या मुलावर होणारा मोठा अन्याय वाटतो, कारण उतरवलेल्या ओळीचा अर्थ त्याला कोणी दिलेलाच नसतो.

कानाची मशीन मिळाली की प्रश्न सुटला, असे पालकांना वाटते आणि अनेक शिक्षकांनाही वाटते. मशीन आवाज मोठा करते; पत्र्यावरचा पाऊस, पंखा आणि शेजारच्या वर्गातले पाढेही ती मोठे करते. ओठांवरून समजून घेण्यालाही मर्यादा आहे. पान, भान आणि मान हे तीन शब्द आरशासमोर आवाज न काढता उच्चारून पाहा. ओठ सारखेच हलतात. मराठीत तर सारा अर्थ विभक्तीच्या प्रत्ययांवर उभा असतो. ‘बैलाने गड्याला पाडले’ या वाक्यातले ‘ने’ आणि ‘ला’ निसटले, तर कोणी कोणाला पाडले हे कसे कळावे? म्हणून चौथीतल्या मुलाचे लेखन तुटक दिसले की बुद्धी कमी आहे, असा शेरा मारण्याची घाई कोणी करू नये.

तिला आधी एक पुरी भाषा हवी, आणि ती डोळ्यांनी घेता येणारी हवी. दहापैकी नऊहून अधिक कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात, त्यामुळे घरी जेवण, पाणी, शेत, ताप एवढ्यापुरत्या खुणा असतात आणि त्यांच्यापुढे बोलणे जात नाही. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने तिचा १०,००० शब्दांचा चित्रफितींचा कोश केला आहे आणि तो मोबाइलवर पाहता येतो. परिपाठात रोज थोडे संकेत साऱ्या वर्गाला शिकव. मुले आपल्यापेक्षा लवकर शिकतात, आणि मधल्या सुट्टीत तिच्याशी बोलणारे कोणी असणे मला पाठाइतकेच महत्त्वाचे वाटते. तू स्वतः फळ्याकडे तोंड करून बोलू नकोस, आणि खिडकी पाठीशी घेऊन उभा राहू नकोस. उजेड मागून आला की चेहरा काळवंडतो. तिला पुढे, पण थोडे कडेला बसव, म्हणजे उत्तर देणारी मुलेही तिला दिसतील.

एवढ्याने भागेल, असे मात्र मी लिहिणार नाही. फिरत्या विशेष शिक्षकाकडे इतक्या शाळा असतात की त्याची भेट ही भेटच राहते. माझे ठाम मत असे आहे की प्रत्येक गावात एकेक कर्णबधिर मूल विखरून ठेवण्याऐवजी, पालकांची संमती असेल तेथे, केंद्रातली, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातली, अशी मुले एका साध्या शाळेत एकत्र यावीत, सांकेतिक भाषा जाणणारा शिक्षक तेथे कायम असावा आणि येण्याजाण्याची सोय शासनाने करावी. त्यांना आपापसात बोलता येईल आणि गावातल्या इतर मुलांपासूनही ती तुटणार नाहीत. ही मागणी आपल्या मनची नाही. सांकेतिक भाषेत पारंगत शिक्षक नेमणे याच कायद्याच्या कलम १७ मध्ये सांगितले आहे.

तू तालुक्याच्या गट साधन केंद्रातून तुमच्या शाळा-केंद्रातल्या कर्णबधिर मुलांची शाळानिहाय संख्या काढ, मी आमची काढतो, आणि दोन्ही शाळा व्यवस्थापन समित्यांच्या ठरावांसह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे एकत्र अर्ज करू. मसुदा मी लिहून पाठवतो. दरम्यान मुलीच्या आईला सुरुवातीचे काही दिवस वर्गात बसू दे. पेरणीचे दिवस आहेत, तेव्हा तिला जमेल त्या वेळी येऊ दे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक