दोष कानाचा नव्हता, ताई

प्रिय ताई,

माझ्या युकुलेलीच्या, म्हणजे गिटारसारख्या छोट्या चार तारांच्या वाद्याच्या, तारा बदलायला तुम्ही शिकवलंत. त्याबद्दल फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. "तारा तूच बसवल्यास, मी नुसती बघत होते," एवढं म्हणून मोकळ्या होता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहायला घेतलं. इथे तरी माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागेल.

तीन महिने मी एक समजूत उराशी धरून बसले होते, की माझा कान कच्चा आहे. युकुलेलीच्या तारांना त्यांच्या स्वरांची नावं आहेत, जी, सी, ई आणि ए. तिच्यावरची सगळ्यांत सोपी कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचा स्वरांचा गुच्छ, ती सी. तीन तारा मोकळ्या सोडायच्या, ए तारेवर तिसऱ्या पडद्यात, म्हणजे मानेवरच्या तिसऱ्या आडव्या धातूपट्टीमागे, एक बोट ठेवायचं, झालं. तीसुद्धा माझ्या हातून बेसूर लागायची. ट्यूनर, म्हणजे स्वर बरोबर आहे का ते काट्यानं दाखवणारं यंत्र, लावून चारही तारा नीट सुरात आणायच्या आणि बोट ठेवलं रे ठेवलं की काहीतरी खटकायचं. एका जाणकार माणसानं ऐकलं आणि सांगितलं, "कान तयार व्हायला वेळ लागतो." मी ते मनाला लावून घेतलं. वाद्य कपाटावर गेलं.

तुम्ही मात्र व्हिडिओ कॉलवर माझ्या कानाबद्दल चकार शब्द काढला नाहीत. एवढंच म्हणालात, "ए तार मोकळी छेड. आता बाराव्या पडद्यावर दाबून छेड." बारावा पडदा तारेच्या जवळजवळ मध्यावर येतो, तिथे तोच स्वर वरच्या सप्तकात लागायला हवा, सेकंदाला 440 कंपनांची 880. मोकळ्या तारेला ट्यूनरचा काटा मधोमध होता, बाराव्याला तो चांगलाच उजवीकडे गेला, म्हणजे स्वर चढा लागत होता. मग तुम्ही मला तारेच्या खालच्या बाजूनं नख फिरवायला लावलंत. पहिल्या तीन पडद्यांपाशी नखाला एकेक खड्डा लागला. वाद्य माझ्याकडे आलं तेव्हापासून त्याच तारा होत्या, आणि माझ्याआधीही कोणीतरी त्या वर्षानुवर्षं वाजवल्या होत्या. "तार सगळीकडे सारखी नसेल तर ती सुरात बोलेल कशी? तुला खटकत होतं ना? मग कान चांगलाच आहे तुझा."

ताई, ते ऐकल्यावर मी गप्प झाले ते तुम्हाला फोन कटल्यासारखं वाटलं होतं. फोन चालू होता.

नव्या तारा कुठल्या घ्यायच्या यावर तुम्ही मत लादलं नाहीत, कारण सांगितलंत. फ्लुओरोकार्बन नावाचं प्लॅस्टिक नायलॉनपेक्षा जड, जवळपास दीडपट. त्यामुळे त्याच स्वरासाठी तार बारीक चालते, आणि बारीक तार जास्त मोकळी, जास्त खणखणीत बोलते. शिवाय ती ओलावा जवळजवळ शोषतच नाही, म्हणून हवा बदलली तरी फारशी हलत नाही. मासे पकडायच्या दोरीतही हाच पदार्थ वापरतात हे कळल्यावर मला फार गंमत वाटली होती. 1879 मध्ये मदेरा बेटावरची माणसं रेव्हन्सक्रॅग जहाजातून होनोलुलूला पोचली, त्यांच्यातल्या तीन सुतारांच्या हातून हे वाद्य घडत गेलं, तेव्हा त्याला आतड्याच्या तारा लागायच्या, हेही तुम्ही सांगितलंत. त्यानंतर मी ती पारदर्शक तार उजेडात धरून कितीतरी वेळ बघत बसले.

पाकीट उघडल्यावर मी पहिली चूक करणारच होते. सगळ्यांत वरची तार सगळ्यांत जाड असणार असं मी धरून चालले होते. तुम्ही थांबवलंत. सगळ्यांत वरची तार म्हणजे ‘जी’, ती इथे वरच्या स्वरात लावतात, म्हणून बारीक. सगळ्यांत जाड असते ती सी, वरून दुसरी. चारही तारा पांढऱ्या कागदावर मांडून प्रत्येकीखाली पेन्सिलनं अक्षर लिहायला लावलंत. पारदर्शक तारा गुंडाळ्यात सारख्याच दिसतात, कागदावर शेजारी शेजारी ठेवल्या की फरक कळतो. आणि एका वेळी एकच तार काढायची, म्हणजे शेजारची जुनी गाठ बघायला समोर राहते. ही युक्ती मी कोणाही नवख्याला सांगेन.

तरीही ए तार निसटली. ताण वाढत गेला आणि घोडीवरची (तारा बांधतात त्या लाकडी पट्टीवरची) गाठ सरकत सरकत फट्‌कन सुटली. टोकाचा फटका लाकडाला बसला आणि मी वाद्य बाजूला ठेवलं. वाटलं, हे आपल्याच्यानं होणार नाही. तुम्ही पलीकडून शांतपणे म्हणालात, "दुखलं नाही ना? बरं. आता खाली एक मऊ कापड ठेव." मग कॅमेरा घोडीजवळ न्यायला सांगितलात आणि गाठ दाखवलीत. बारीक तारेला एक वेढा जास्त. आणि शेवटचा वेढा घोडीच्या मागच्या कडेखाली उतरला पाहिजे, वर राहिला तर तार निसटणारच. माझं टोक वरच्या सपाट भागावर दाबलं जात होतं, मागच्या कडेपर्यंत पोचतच नव्हतं. अर्ध्या सेंटीमीटरचा फरक. दुसऱ्यांदा बांधली ती गाठ अजून जशीच्या तशी आहे.

पुढचे चार दिवस मी तुम्हाला किती संदेश पाठवले! "पुन्हा उतरली." "पुन्हा उतरली." चौथी तार लावून होईपर्यंत पहिली अर्ध्या स्वरानं खाली आलेली असायची. नवी तार ताणली जातेच, ती थकेपर्यंत उतरणारच, हे तुम्ही दर वेळी नव्यानं सांगितलंत, एकदाही कंटाळा दाखवला नाहीत. तारेखाली बोट घालून मधोमध हलकेच वर ओढायची, सोडायची, पुन्हा सुरात लावायची. लावताना नेहमी खालून वर यायचं, वर गेलं तर आधी उतरवून मग चढवायचं, म्हणजे खुंटीतला ढिलेपणा राहत नाही. पाचव्या दिवशी सकाळी वाद्य हातात घेतलं तर चारही तारा रात्री ठेवल्या तशाच होत्या.

आणि ती सी कॉर्ड! एकाच बोटाची. छेडली आणि वाद्य पोटाशी धरलं होतं तिथे लाकडाचा कंप जाणवला. आवाज विरायची वाट बघत बसले, तो विरेचना. जुन्या तारांवर दोन मोजेपर्यंत सगळं संपायचं.

ताई, तुमच्या दोन संध्याकाळी गेल्या, शिवाय त्या चार दिवसांतले संदेश. तुम्ही ते काम म्हणून धरलं नाहीत. पण मी तीन महिने स्वतःवर जो ठपका ठेवला होता तो तुम्ही एका नखाच्या स्पर्शानं पुसलात. त्याबद्दल मनापासून आभार.

खालच्या स्वराची ‘जी’ तारही लावून बघायची आहे. ती जाड असते, मानेवरच्या पट्टीतली खाच थोडी रुंद करावी लागेल असं तुम्ही म्हणाला होतात. ते काम मी तुम्ही समोर असल्याशिवाय करणार नाही.

काल रात्री वाजवता वाजवता वाटलं, ई तार किंचित उतरली आहे. ट्यूनर दुसऱ्या खोलीत होता. उठून आणला, लावला. काटा मधल्या रेषेच्या जरासा डावीकडे होता.

तुमचीच,
एक शिकणारी