कोणतं सरकार, ते सांग

चि. सुमित यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू जे बोललास ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले. मी गप्प राहिले तेव्हा तुला वाटलं असेल, आईला राग आला. राग नव्हता आला. तू म्हणालास, "आई, सरकारवर माझा विश्वासच राहिला नाही. कोणीही येऊ दे, सगळे सारखेच. मतदानासाठी गाडीभाडं घालून गावाकडं यायचं तरी कशाला?" मागून तुझ्या खोलीतलं कोणीतरी म्हणालं, "बरोबर आहे भावा."

एका खोलीत चार पोरं, अभ्यासिकेची फी, मेसचा डबा आणि भरतीची जाहिरात कधी निघते याची वाट. तुझ्या जागी मी असते तर मीही असंच बोलले असते. तुझं मत कडू झालंय, त्याला कारणं आहेत, आणि ती तू उगाच काढलेली नाहीस. मला फक्त एक विचारायचं होतं, फोनवर जमलं नाही. तू सरकार म्हणतोस ते कोणतं?

मी सरकार पहिल्यांदा पाहिलं ते १९९३ साली. चौदा वर्षांची होते. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते, सगळं गाव दमून झोपलं होतं. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आमच्या वाड्याची मागची भिंत गेली, माणसं वाचली. किल्लारीला आत्याच्या घरातलं कोणी राहिलं नाही. लातूर आणि उस्मानाबाद, दोन्ही जिल्हे मिळून जवळजवळ दहा हजार माणसं गेली. तेव्हा मिलिटरीची पोरं, तुझ्याच वयाची, पावसाच्या चिखलात हातांनी दगड उचलत होती. त्यांची भाषा आम्हाला कळत नव्हती. ते सरकार होतं.

मग बावन्न गावं नव्या जागी बसवली. पुन्हा भूकंप झाला तर पडू नयेत अशी पक्की घरं दिली. पण ती शहरासारखी रांगेत, आखून. दारात म्हैस बांधायला जागा नाही, शेत लांब पडलं, भावकी चार गल्ल्यांत विखुरली. तुझे आजोबा म्हणायचे, "ज्यानं नकाशा काढला त्यानं एकदा दिवस मावळताना वेशीत येऊन उभं राहायचं होतं, जनावरं घराकडं येतात तेव्हा." तेही सरकारच होतं. तेव्हापासून, सरकार कसं आहे असं कोणी विचारलं की मला एका शब्दात उत्तर देता येत नाही.

२००६ ला मी अंगणवाडीत लागले आणि लोक मलाच सरकार म्हणायला लागले. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट तुला सांगितली नव्हती. वजनकाटा खांद्याला आणि दंडघेराची पट्टी पिशवीत घेऊन वस्तीवर गेले. दारातली म्हातारी आत ओरडली, "सरकार आलंय गं, लेकराला घे बाहेर." लेकरू सव्वा वर्षाचं. पट्टी डाव्या दंडाभोवती गुंडाळली, खाचेतून हळूच ओढली. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल पट्टा असतो, म्हणजे लेकरू गंभीर कुपोषित. बाण अकरा पॉइंट दोनवर थांबला. मी पट्टी सोडली, पुन्हा लावली, पुन्हा तेच. त्याची आई माझ्याकडं बघून हसत होती, तिला लालचा अर्थ माहीत नव्हता. काट्याच्या झोळीत ठेवलं तर लेकरू रडलंसुद्धा नाही. रडलं नाही याचीच मला जास्त भीती वाटली.

आधी उपकेंद्र, तिथून तालुक्याला. आशाताई आणि मी. रिक्षाचे दोनशे रुपये माझ्या पर्समधले. तिथल्या नर्सबाईंनी रात्रभर त्या लेकराकडं लक्ष ठेवलं, ड्युटी संपली तरी घरी गेल्या नाहीत. त्या दिवशी सरकार म्हणजे आम्ही तिघी होतो. ते लेकरू आता चालतं, पट्टी हिरव्यात येते, मला बघितलं की मदतनीसबाईंच्या मागं लपतं.

आणि हेच सरकार मला कर्मचारी म्हणत नाही. पगार नाही, मानधन. तुला आठवतं ना, कामासाठी मोबाइल दिला होता? चार्जिंगला लावला की तापायचा, नोंदी भरता भरता बंद पडायचा, आणि रकाने इंग्रजीत. ते तूच भरून द्यायचास. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या बायकांनी ते मोबाइल परत केले. मीही केला. पुढं डिसेंबर २०२३ मध्ये संपावर गेलो, तो बावन्न दिवस चालला. ग्रॅच्युइटी आमचा हक्क आहे असं सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२२ मध्येच सांगितलं होतं, तरी त्यासाठी थंडीत रस्त्यावर बसावं लागलं. त्या दिवसांत मी कुलूप लावलेल्या अंगणवाडीवरून जाताना दुसरीकडं बघत जायची. लेकरं ताटली घेऊन दारात उभी राहायची, त्यांना संप काय ठाऊक?

म्हणून सरकारवर टीका करू नको, असं मी तुला कधीच म्हणणार नाही. कर, जोरात कर. पण सगळे सारखेच म्हणालास की त्या नर्सबाई आणि तो नकाशा काढणारा माणूस एका रांगेत बसतात. आणि ज्यानं खरंच काम अडवलंय त्याला तर बरंच होतं, कारण बोट त्याच्याकडं जातच नाही.

माझी ती निळी वही तुला माहीत आहे. लहानपणी तिच्यात चित्रं काढलीस म्हणून मार खाल्ला होतास. तिच्यात आवक क्रमांक आहेत. अंगणवाडीच्या छतासाठी पहिला अर्ज मी २०१५ ला दिला तेव्हा पोच घेतली नव्हती. सहा महिन्यांनी विचारायला गेले तर म्हणे, कसला अर्ज? त्या दिवसापासून पोच घेतल्याशिवाय कागद टेबलावर ठेवला नाही. तारीख, शिक्का, कोणी घेतला त्याचं नाव. अर्ज कोणाकडं अडकलाय हे कळायलाच मला तीन वर्षं लागली. आधी वाटायचं, सरकार करत नाही. मग कळलं, एका टेबलावरचा माणूस अंदाजपत्रक पुढं पाठवत नाही. सरकारपुढं मी काय करणार होते? पण त्या टेबलासमोर रोज जाऊन उभं राहता येतं, आणि मी राहिले.

त्यानंतर ग्रामसभेत. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के पैसा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. नियमच आहे, पण गावात किती जणांना माहीत होता? २ ऑक्टोबरच्या सभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते, तीही आपल्याकडं कागदावरच व्हायची. त्या वर्षी आम्ही चाळीस-पन्नास बायका खरोखर जाऊन बसलो. मी उभी राहिले तेव्हा पाय कापत होते. विचारलं, या दहा टक्क्यांचं यंदा काय केलं? सभा एकदम शांत झाली. मागून कोणीतरी म्हणालं, "बाईंना पुढच्या खेपेला सरपंच करा." पण ग्रामसेवकाला रजिस्टर उघडावं लागलं. पावसाळ्याआधी छताचे पत्रे बदलून मिळाले. संडासाचं काम अजून राहिलंय, त्याची पोच वहीत आहे.

तुला हे किरकोळ वाटेल, मला माहीत आहे. तू मला नेपाळचे व्हिडिओ पाठवतोस. मी ते सगळे बघितले, काही दोनदा. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथली पोरं शाळा-कॉलेजच्या गणवेशात रस्त्यावर आली. पुढाऱ्यांच्या मुलांचा थाट एकीकडं आणि आखातात मजुरीला जाणारे भाऊ दुसरीकडं, त्यात सरकारनं सव्वीस ॲप बंद केली. त्या पोरांचा राग मला पटतो. पहिल्याच दिवशी गोळीबारात एकोणीस जणांचा जीव गेला, दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी राजीनामा दिला. तू लिहिलं होतंस, "दोन दिवसांत सरकार पाडलं, आपल्याकडं असं पाहिजे."

सुमित, सगळं मिळून सत्तरहून जास्त माणसं गेली. मी आई आहे, मी आधी तो आकडा बघते. आणि दुसरी गोष्ट, ती कदाचित माझ्यासारख्या रजिस्टरं भरणाऱ्या बाईलाच दिसली असेल. सिंहदरबार, म्हणजे तिथलं मंत्रालय, जळत होतं, सुप्रीम कोर्टाची इमारत जळत होती, आणि मला आत कागद दिसत होते. कोणाची जमिनीची केस, कोणाची पेन्शन, कोणा बाईचा पोटगीचा दावा. माझी एक वही भिजली होती तर मी आठ दिवस जेवले नव्हते धड. पुढाऱ्याचं काय, त्याला दुसरं घर असतं. ज्याचा न्याय त्या कपाटात अडकला होता तो गरीबच. आग संपल्यावर त्याच पोरांना कोणीतरी जबाबदार माणूस शोधावा लागला, आणि त्यांनी सुशीला कार्कींचं नाव पुढं केलं, माजी सरन्यायाधीश. सगळे सारखेच म्हणणारी पोरंसुद्धा शेवटी एक वेगळं माणूस शोधत होती, आणि ते त्यांना सापडलं.

तुमच्याच पुण्यातल्या शास्त्री रोडचं बघ ना. ११ मार्च २०२१ ला, परीक्षा तीन दिवसांवर आली असताना लोकसेवा आयोगानं ती पुढं ढकलली. पोरं रस्त्यावर बसली. मागणी एकच, परीक्षा घ्या. दहा दिवसांत, २१ मार्चला परीक्षा झाली. ऑगस्ट २०२४ ला तू स्वतः तिथं बसला होतास, पावसात. २५ तारखेला एकाच दिवशी दोन परीक्षा आल्या होत्या, राज्यसेवेची तारीख बदला म्हणत होतात. बदलली. तिथं कोणी सगळे सारखेच म्हणत नव्हतं. कोणाकडून काय पाहिजे, हे पोराबाळाला पाठ होतं. रात्री दीड वाजता तू मला फोन केलास, तुझा आवाज बसला होता आणि तू आनंदात होतास. तो सुमित मला परवाच्या फोनवर सापडला नाही, त्याचं वाईट वाटलं.

आता मताचं. मत देऊन काय होतं म्हणतोस, तर मत द्यायला मिळालं नाही तेव्हा काय झालं ते बघ. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ ला. जवळजवळ चार वर्षं एवढ्या मोठ्या शहरात एकही नगरसेवक नव्हता, प्रशासकच सगळं बघत होते. आपल्या जिल्हा परिषदेचंही तेच. संडासाच्या कामासाठी पूर्वी मी सदस्याच्या दारात जाऊन बसायची. तो मताला भिऊन का होईना, अधिकाऱ्याला फोन लावायचा. त्या चार वर्षांत दारच नव्हतं. तुम्हा पोरांची ऐन विशीतली वर्षं त्यात गेली आणि तुमच्यातल्या कोणी त्याबद्दल हूं की चूं केलं नाही. पेपर फुटल्याचा राग तुम्हाला येतो, यायलाच पाहिजे. या गोष्टीचा का नाही आला?

तुझ्या थोरल्या मामाचं सांगते. १९८९ पर्यंत मतदानाला एकवीस वर्षं पूर्ण लागायची. घटनादुरुस्तीनं ती अठरा झाली आणि त्याच वर्षीच्या लोकसभेला मामानं एकोणिसाव्या वर्षी मत दिलं. आजोबांचा नवा शर्ट घालून गेला होता, बाह्या दुमडून. बोटावरची शाई पुसू नये म्हणून दोन दिवस डाव्या हातानं आंघोळीचं पाणीसुद्धा घेतलं नाही. त्याला निवडलेल्या माणसानं काय दिलं? फारसं काही नाही. पण पुढं त्याच माणसाला भर चौकात मामानं अडवून विचारलं, विहिरीच्या कामाचं काय झालं म्हणून, आणि लोकांनी मामाला गप्प बस म्हटलं नाही. त्याचं मत होतं, त्यानं विचारायचं.

तू उद्या परीक्षा पास होशील आणि कुठंतरी टेबलाच्या त्या बाजूला बसशील. तेव्हा माझ्यासारखी एखादी बाई अर्ज घेऊन येईल. तिला पोच देशील ना? तेव्हा तीसुद्धा तुला सरकारच म्हणेल.

एसटीनं डबा पाठवलाय, कारळ्याची चटणी आणि दशम्या. दशम्या आधी संपव, चटणी टिकते.

गौरीला सतरा पूर्ण झाली, मतदार यादीसाठी आता आधीच अर्ज करता येतो. फॉर्म ६ आणून ठेवलाय. काल ती म्हणाली, "दादा म्हणतो काही उपयोग नाही, मग मी कशाला भरू?" मी म्हटलं, दादालाच विचार. आज-उद्या तिचा फोन येईल. मी सांगितलं म्हणून काही बोलू नकोस, तुला खरं वाटतं तेच तिला सांग. फॉर्मवर फोटो चिकटवलाय, पत्ता लिहिलाय. सही तेवढी राहिलीय.

तुझी,
आई