विषय: कॅन्सल करूनही पाठवलेली कोरेआच्या नावाची जर्सी परत घ्या आणि पूर्ण पैसे द्या

प्रति,
कस्टमर केअर मॅनेजर,
पुणे सपोर्ट टीम

दि. १५ जानेवारी २०२३

नमस्कार,

मराठीत लिहितोय कारण २० डिसेंबरला तुमच्या हेल्पलाइनवर जी मुलगी भेटली ती पुण्यातून नाइट शिफ्टला बोलत होती, माझं आडनाव वाचून तिनेच विचारलं मराठी का, आणि पूर्ण महिन्याभरात तुमच्या कंपनीत माझं नीट ऐकून घेतलेलं ती एकच व्यक्ती आहे. त्यानंतर इंग्लिशमध्ये तीन मेल टाकले, तिन्हींना तेच ते कॉपी-पेस्ट उत्तर आलं. म्हणून आता सगळं सविस्तर लिहितो, जरा लांबेल, पण प्लीज शेवटपर्यंत वाचा.

मी फ्रीमाँटला राहतो, कॅलिफोर्नियात, आणि आम्ही घरचे सगळे सॅन फ्रान्सिस्को जायंट्सवाले, म्हणजे इथल्या बेसबॉल टीमचे फॅन. पोरगा ११ वर्षांचा आहे, इथेच जन्मला, त्याला क्रिकेट मी शिकवलं आणि मला बेसबॉल त्याने. ऑर्डर त्याच्या ख्रिसमससाठी होती. केशरी जर्सी, पाठीवर कोरेआ, नंबर १, म्हणजे कार्लोस कोरेआ हा बेसबॉल प्लेअर आधी ह्यूस्टनच्या टीममध्ये घालायचा तोच. एक्स्प्रेस शिपिंग धरून १६४ डॉलर ५० सेंट कार्डावरून गेले.

आता तुम्ही म्हणाल की नाव तुम्हीच निवडलं, मग आमचा काय दोष. तर तो डिसेंबर आमच्याकडे कसा गेला ते आधी सांगावं लागेल, नाहीतर तुम्हाला हे एका जर्सीचं भांडण वाटेल.

पुण्यात बसून कदाचित अंदाज येणार नाही म्हणून सांगतो. आयपीएलच्या ऑक्शनमध्ये प्लेअरला कोण विचारतं, २३ डिसेंबरला कोचीत सॅम करनवर १८.५० कोटींची बोली लागली आणि तो पंजाबचा झाला, संपला विषय. इथे उलटं असतं. सहा वर्षं मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमध्ये, काढली की प्लेअर फ्री एजंट होतो आणि मग तो टीम निवडतो, पैसे घेऊन टीम त्याच्या दारात उभी. त्यामुळे प्रत्येक ऑफसीझनला, म्हणजे मॅच बंद असतात त्या हिवाळ्यात, आमच्यासारख्या लोकांचा एकच प्रश्न असतो, आमच्याकडे कोणी यायला तयार आहे का. आणि गेली काही वर्षं उत्तर नाही असंच येतंय. २०१४ ला आम्हाला हवा असलेला जॉन लेस्टर शिकागोला गेला. २०१७ ला स्टँटनला मायामीच्या टीमकडून आमच्याकडे आणायचं ठरलं होतं, स्टँटननेच नकार दिला, ओहतानी त्याच महिन्यात एंजल्स ह्या दुसऱ्या टीमकडे गेला. २०१९ ला ब्राइस हार्परला १२ वर्षांचे ३१ कोटी डॉलर देऊ केल्याच्या बातम्या होत्या, तो १३ वर्षांचे ३३ कोटी घेऊन फिलाडेल्फियाला गेला.

आमच्याकडे दर रविवारी गॅरेजमध्ये ह्याच्यावरून वाद होतो, हीटर लावून, बायकोने केलेला बटाटेवडा खात. मेव्हणा म्हणतो सगळा टॅक्सचा खेळ आहे, कॅलिफोर्नियात वरचा स्लॅब १३.३ टक्के आणि टेक्सासला स्टेट टॅक्स शून्य, म्हणून सीगर लॉस एंजेलिस सोडून टेक्सासला गेला आणि ह्या ऑफसीझनला डीग्रॉमपण तिकडेच गेला. मी म्हणतो अरे प्लेअरला जिथे मॅच खेळेल तिथला टॅक्स लागतो, १६२ पैकी ८१ मॅच तर बाहेरच असतात, आणि लॉस एंजेलिसचे डॉजर्सपण कॅलिफोर्नियातच आहेत, त्यांच्याकडे कसे येतात मग? शेजारचे मेक्सिकन काका, कँडलस्टिक ह्या जुन्या ग्राउंडच्या जमान्यापासूनचे फॅन, त्यांचं म्हणणं की आमचं ग्राउंडच बॅटरला नको असतं, उजवीकडे ३०९ फूट दिसायला जवळ पण त्यावर २४ फुटी भिंत, उजव्या आणि मधल्या बाजूच्या कोपऱ्यात ४१५ फूट, आणि संध्याकाळी समुद्रावरून गार दमट हवा आली की चांगला मारलेला बॉल तिथेच पडतो, ज्याला होमरनचे (आपल्या सिक्ससारखे) आकडे दाखवून पुढचं कॉन्ट्रॅक्ट घ्यायचंय तो इथे कशाला येईल. ह्या मुद्द्यात दम आहे, मी नाकारत नाही.

पण माझं मत वेगळं आहे आणि ते मी दर वेळी मांडतो. प्लेअर बघतो की तिथे आधीपासून कोण आहे. १९९२ मध्ये तर टीम फ्लोरिडाला विकली जाणार होती, ७२ मॅच जिंकल्या होत्या फक्त, कोण येणार होतं अशा ठिकाणी? पण नव्या मालकांनी डिसेंबरात बॅरी बाँड्सला आणलं, सहा वर्षं, ४ कोटी ३७ लाख डॉलरच्या वर, ज्याचे वडील इथेच खेळले आणि आमचा जुना दिग्गज विली मेज ज्याचा गॉडफादर. पुढच्याच वर्षी १०३ जिंकल्या. (तरी प्लेऑफला गेलो नाही कारण अटलांटाने १०४ जिंकल्या, शेजारचे काका ते अजून विसरलेले नाहीत.) एक मोठा माणूस आला की बाकीच्यांना रस्ता दिसतो. आमचा मोठा प्लेअर बस्टर पोझी २०२१ ला रिटायर झाला, त्या वर्षी आम्ही १०७ जिंकलो होतो, आणि २०२२ ला तो नाही तर ८१ जिंकल्या ८१ हरलो. टीम एकदम वाईट नाहीये हो, पण तिला चेहरा नाहीये, म्हणून ह्या डिसेंबरकडे एवढे डोळे लागले होते.

आधी ॲरन जज. ६२ होमरन मारून मॅरिसचा १९६१ चा अमेरिकन लीगचा रेकॉर्ड मोडलेला, स्टॉकटनजवळच्या लिंडनचा, लहानपणी जायंट्सचाच फॅन. ६ डिसेंबरला एका मोठ्या पत्रकाराने टाकलं की तो जायंट्सकडे येतोय, घाईत ॲरनचं स्पेलिंगपण चुकलं होतं, आणि काही मिनिटांत मागे घेतलं. तेवढ्या मिनिटांत माझा पोरगा जिन्यावरून ओरडत खाली आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी जज नऊ वर्षांच्या ३६ कोटी डॉलरला परत त्याच्या जुन्या टीमकडे, न्यूयॉर्कच्या यांकीजकडे. पोरगा त्या दिवशी शाळेत कॅप न घालता गेला, मी काही बोललो नाही.

आणि १३ डिसेंबरच्या रात्री बातमी आली, कोरेआ जायंट्सकडे, १३ वर्षं, ३५ कोटी डॉलर. २८ वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर), वर्ल्ड सिरीज म्हणजे लीगची फायनल जिंकलेला. आमचा क्रॉफर्ड २०११ पासून ती जागा सांभाळतोय, त्याच्यानंतर कोण ह्याचं उत्तर मिळालं. मेव्हण्याचा फोन आला, दोघंही नुसते हसत होतो. आणि त्यानंतर पाऊण तासाच्या आत तुमच्या कंपनीचा मेल आला. स्क्रीनशॉट जोडलाय, बघा. त्यात तुम्ही मोठ्या अक्षरात "आता अधिकृत" असं लिहिलंय आणि ख्रिसमसच्या आत पाहिजे असेल तर आजच ऑर्डर करा असं खाली.

माझी पहिली तक्रार इथे आहे. ते अधिकृत नव्हतं. ह्या धंद्यात ज्याचं पोट आहे त्या प्रत्येकाला माहीत असतं की बातमी म्हणजे फक्त बोलणी ठरली, त्यानंतर टीमचे डॉक्टर मेडिकल करतात, ते पास झालं की सही आणि मग टीम स्वतः जाहीर करते. मला हे माहीत होतं का? होतं. पण लायसन्सवाला माल विकणारी कंपनी स्वतः अधिकृत म्हणतेय म्हटल्यावर मी समजलो की तुम्हाला आतलं काहीतरी कळलं असेल, आणि १४ ला सकाळी ऑर्डर टाकली.

२० तारखेला टीमची प्रेस कॉन्फरन्स होती. मी अर्धा दिवस रजा घेतली होती, पोराला ख्रिसमसची सुट्टी, दोघं सोफ्यावर लॅपटॉप लावून बसलो आणि सुरू व्हायच्या काही तास आधीच कळलं की पुढे ढकलली. कारण बाहेर आलं मेडिकलचं, २०१४ ला मायनर लीगमध्ये (खालच्या लीगमध्ये) असताना उजवा पाय मोडला होता त्याचं जुनं दुखणं. १३ वर्षं म्हणजे वयाच्या ४१ पर्यंतचं कॉन्ट्रॅक्ट, टीम घाबरली असणार. त्यात टीम बरोबर का चूक ह्यावर आमच्या गॅरेजमध्ये अजून एकमत नाही, आणि ते तुमच्याकडे सोडवायला आणलेलं पण नाही.

पण मी त्याच दुपारी तुम्हाला फोन केला. ही गोष्ट नीट नोंदवा. प्रेस कॉन्फरन्स रद्द झाल्याच्या दिवशीच, तो न्यूयॉर्कच्या मेट्सकडे जाणार ही बातमी यायच्याही आधी. तुमच्या त्या पुण्याच्या मुलीने सिस्टिम बघून सांगितलं की सर अजून प्रिंटिंगला गेलेली नाही, स्टेटस प्रोसेसिंग आहे, कॅन्सल होऊ शकते, मी रिक्वेस्ट टाकते, आणि तिने तक्रारीचा तिकीट नंबर दिला. तिने स्वतःहून म्हटलं की मुलाला वाईट वाटलं असेल ना. तिला ह्या प्रकरणात काही बोलू नका, तिने तिचं काम केलंय.

त्याच रात्री उशिरा कोरेआ १२ वर्षांच्या ३१.५ कोटींना मेट्सकडे चालल्याची बातमी आली. सकाळी मी तुम्हाला मेल टाकून विचारलं की कॅन्सल झाली ना, त्याला आपोआप येणारं उत्तर आलं. आणि २८ तारखेला मेसेज, तुमची ऑर्डर निघाली!

म्हणजे ज्या माणसाशी आमच्या टीमचा करार झालाच नाही त्याचं नाव, मी कॅन्सल सांगितल्यावर आठ दिवसांनी, तुम्ही आमच्या टीमच्या जर्सीवर छापून पाठवलंत. ख्रिसमस तर तसाही होऊन गेला होता, म्हणजे एक्स्प्रेसचे पैसे कशाचे घेतले तेही सांगा.

४ जानेवारीला बॉक्स आला. मी ऑफिसात होतो, पोराने उघडला. बायकोने सांगितलं की त्याने आधी पुढची बाजू बघितली, टीमचं नाव, मग उलटी केली आणि पाठीवरचं नाव वाचून तशीच टिश्यू पेपरमध्ये घडी घालून परत ठेवली. अंगाला लावून पण बघितली नाही. संध्याकाळी मी बघितली तेव्हा दुसऱ्या आर ची खालची टोकाची बाजू उचललेली, नखाने सुटेल इतकी, आणि एक चा आकडा शिवणीपासून तिरका बसलाय. फोटो जोडलेत. म्हणजे खरोखरचा कोरेआ आला असता तरी हा माल मी परतच केला असता.

६ जानेवारीला तुमचं उत्तर आलं की नाव छापलेला माल परत घेतला जात नाही, त्याऐवजी पुढच्या ऑर्डरवर १५ टक्के सूट. प्रिंटिंगच्या आधी ऑर्डर कॅन्सल केली होती हा मुद्दा त्या उत्तरात कुठेच नाही, तिकीट नंबर लिहिलेला असून नाही. तुमचा नियम छापलेल्या मालाचा आहे, मान्य, पण मी सांगितलं तेव्हा तो छापलेला नव्हता, हे तुमच्याच माणसाने तुमच्याच सिस्टिममध्ये बघून सांगितलंय. कॉल रेकॉर्ड होतो असं तुमची टेप सुरुवातीला सांगते, मग तो काढून ऐका ना.

दरम्यान मेट्सपण त्याच पायावर अडले आणि ह्या आठवड्यात कोरेआ मिनेसोटाकडे, म्हणजे त्याच्या गेल्या सीझनच्या टीमकडे, परत गेला, सहा वर्षं, २० कोटी. चार आठवड्यांत तीन टीम. मला खात्रीने वाटतं की तिकडच्या फॅन्सनापण तुम्ही असाच मेल पाठवला असणार, आणि न्यूयॉर्कमध्येपण कोणाच्या तरी घरी असा एक बॉक्स पडलाय. त्यांचे पैसेपण द्या.

माझ्या मागण्या साध्या आहेत. पूर्ण १६४ डॉलर ५० सेंट परत, शिपिंगसकट, मूळ कार्डावर, कूपन नको. परतीचं लेबल तुम्ही पाठवायचं, त्याचा खर्च माझ्यावर नको. आणि टीमने स्वतः जाहीर करेपर्यंत "अधिकृत" हा शब्द वापरू नका. तुम्हाला नावं आधी विकायचीच असतील तर विका, आम्ही घेऊपण, पण तिथे स्पष्ट लिहा की मेडिकल बाकी आहे आणि करार मोडला तर पैसे परत. जायंट्सच्या फॅनकडून ऑफसीझनमध्ये आशेवर पैसे काढणं सोपं आहे, आम्ही एवढी वर्षं नकार ऐकलेत की कोणी हो म्हटलं की लगेच खिशात हात जातो. म्हणूनच तुम्ही जास्त जपून वागायला पाहिजे.

जर्सी टॅगसकट बॉक्समध्ये तशीच ठेवली आहे. फोन केलात तर आमच्या वेळेने संध्याकाळी सहानंतर करा, म्हणजे तुमच्याकडे सकाळ असेल. रिफंड दहा दिवसांत नाही आला तर कार्ड कंपनीकडे डिस्प्यूट टाकणार आहे, तिकीट नंबर आणि स्क्रीनशॉट लावून.

गेल्या रविवारी पोराने गॅरेजमध्ये येऊन सांगितलं की त्याला आता आमच्याच पिचरची, लोगन वेबची जर्सी पाहिजे, नंबर ६२. वेब रॉकलिनचा, इथलाच, टीमनेच तरुण असताना निवडून (ड्राफ्ट करून) वाढवलेला. पैसे आले की ती घेईन, दुकानात जाऊन, हातात धरून अक्षरं तपासून.

आपला,
फ्रीमाँटचा ग्राहक

सोबत: १३ डिसेंबरच्या मेलचा स्क्रीनशॉट, ऑर्डरची पावती, जर्सीचे चार फोटो